आयुर्वेद आणि होमिओपॅथी एकच नाही हो!

"अॅलोपॅथी नको बाबा, काहीतरी आयुर्वेदिक बघू" असं म्हणत कितीतरी लोक सरळ होमिओपॅथीच्या दवाखान्यात जातात, आणि त्या पांढऱ्या गोड गोळ्यांना बिनधास्त आपलं प्राचीन औषध म्हणतात. सरकारनेही दोघांना आयुष नावाच्या एकाच मंत्रालयात बसवलंय, त्यामुळे गोंधळ होणारच.

होमिओपॅथी प्राचीनही नाही आणि आपलीही नाही. सॅम्युएल हानेमान हा जर्मन डॉक्टर, त्याने १७९६ मध्ये हा विचार पहिल्यांदा मांडला, म्हणजे इकडे दुसरा बाजीराव पेशवा झाला ते साल. त्याआधी त्याने स्वतः मलेरियावर देतात ती सिंकोना झाडाची साल खाऊन पाहिली होती, त्याला मलेरियासारखी लक्षणं वाटली, आणि त्यावरून सिद्धांत निघाला की निरोगी माणसात जे लक्षण आणतं तेच औषध त्या लक्षणाच्या रोग्याला द्यायचं. आयुर्वेदाचा चरक बरोब्बर उलट सांगतो: सारख्याने वाढ, विरुद्धाने घट. म्हणजे पित्त भडकलं तर थंड, गोड, कडू द्या, तिखट नको. (चरकात विपरीतार्थकारी, म्हणजे रोगासारखंच काही देऊन रोग घालवायचा, असा एक प्रकार आहे आणि होमिओपॅथीवाले तो हमखास दाखवतात, पण तो कोपऱ्यातला प्रकार आहे, पाया नाही.)

पण माझ्या मते खरा फरक बाटलीत काय आहे त्याचा. ३० पोटन्सी म्हणजे मूळ अर्कातला एक भाग घेऊन शंभरपट पातळ, मग त्यातला एक भाग परत शंभरपट, असं तीस वेळा. एकावर साठ शून्यं! साधारण १२ पोटन्सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा सापडायची शक्यता फारशी उरत नाही, शाळेतला अॅव्होगॅड्रोचा आकडा आठवा. मग साइड इफेक्ट कुठून येणार? ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे आढावे तपासून सांगितलं की एकाही आजारावर होमिओपॅथीचा परिणाम होतो असा भरवशाचा पुरावा नाही. यावर वाद घालणारे घालतात, मला तो निष्कर्ष पटतो.

आयुर्वेदाचं मात्र "नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य धोकादायक आहे, कारण तिथे औषधात खरंच काहीतरी असतं. सर्पगंधा घ्या. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्लड प्रेशरच्या पेशंटवर या मुळीचा परिणाम ब्रिटिश जर्नलमध्ये छापला, तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि ते जगभर वापरलं गेलं. त्याच रिसर्पिनने काही पेशंटना डिप्रेशन आल्याच्याही नोंदी आहेत. मुळी काम करते म्हणूनच त्रासही देऊ शकते ना! आणि भस्मांचं, म्हणजे धातू-खनिजं जाळून केलेल्या औषधांचं, तर वेगळंच: २००४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. त्यामुळे भस्म, काढा, चूर्ण जे काही चालू असेल ते आपल्या बीपी-शुगरच्या डॉक्टरला सांगायचंच, लाजायचं नाही.

गोड गोळ्यांबाबत भीती दुसरी, की त्यांच्या भरवशावर खरा इलाज लांबतो. ताप उतरेना, गाठ वाढतेय, आणि माणूस म्हणतो थांबा, हळूहळू गुण येतो.

एक अपवाद राहिला. मदर टिंक्चर (पातळ करण्याआधीचा मूळ अर्क) आणि अगदी कमी पोटन्सीच्या औषधांत वनस्पतीचा अर्क खरोखर असतो, टिंक्चरमध्ये अल्कोहोलही, म्हणजे तिथे हिशोब आयुर्वेदासारखाच लावायचा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, २०१७ मध्ये बाळांच्या दात येण्यावरच्या काही होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या, तर विषारी बेलाडोनाचं प्रमाण गोळीगणिक वेगळं, कुठे कुठे लेबलपेक्षा कितीतरी जास्त निघालं.