पावती बंद झाली, फलक वाढले : ग्रामीण रुग्णालयाच्या निधीची पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. निर्णयाचे स्वागत झाले, ते व्हायलाही हवे होते. पण खिडकीवरच्या पावतीतून जो फुटकळ खर्च निघायचा तो आता कुठून काढायचा, हा प्रश्न तिथेच राहिला. यंत्र द्यायला दाता मिळतो, खासदार-आमदार निधी मिळतो, कंपनीही मिळते. ईसीजीचा कागदाचा रोल कोण देणार म्हटले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ही गत गेल्या तीसेक वर्षांत कशी झाली, त्याची ही मांडणी.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले ते एका पारशी व्यापाऱ्याच्या एक लाख रुपयांवर आणि कंपनी सरकारने घातलेल्या तेवढ्याच भरीवर. इमारत दात्याची, डॉक्टर सरकारचा ही वाटणी पुढे गावोगावच्या दवाखान्यांत दिसते. मिशनची रुग्णालये (मिरजेचे १८९४ चे) वेगळ्या वाटेने गेली. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या सर जोसेफ भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानंतर आरोग्यसेवा ही शासनाची जबाबदारी मानली गेली आणि वर्गणी काढून दवाखाना चालवणे मागे पडले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. पुढे उभी राहिलेली ग्रामीण रुग्णालये मात्र राज्याकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली राहिली. एकाच तालुक्यातल्या दोन सरकारी दवाखान्यांना दोन वेगळ्या दारांतून पैसे येतात ते यामुळे. दात्याला हे ठाऊक नसते आणि पत्र हमखास चुकीच्या टेबलावर जाते.

आजची रचना सुरू होते ती १९९४-९५ मध्ये, आणि तीही महाराष्ट्राबाहेर. सुरतेतल्या प्लेगच्या भीतीने देशभर स्वच्छतेची धांदल उडाली होती. इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता, ते रिकामे करून लोकांच्या मदतीने साफ केले गेले. पुन्हा तीच अवस्था होऊ नये म्हणून एक नोंदणीकृत समिती नेमली गेली. रुग्णांकडून थोडे शुल्क घ्यायचे आणि ते सरकारी तिजोरीत न भरता त्याच रुग्णालयावर खर्च करायचे, एवढीच कल्पना. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती उचलली आणि रुग्ण कल्याण समिती देशभर पोचली. तीस खाटांच्या रुग्णालयाला त्या वेळी वर्षाला तीन रकमा मिळत : अबंधित निधी ५० हजार, देखभाल अनुदान १ लाख, समितीचे अनुदान १ लाख. एकूण अडीच लाख. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण वैद्यकीय अधीक्षकाच्या सहीने तालुक्यातच खर्च करता येणारा पैसा तोवर जवळजवळ नव्हताच.

आता वादाच्या मुद्द्याकडे, म्हणजे शुल्काकडे. शुल्काच्या बाजूने दिले जाणारे कारण सहसा चुकीचे असते. "लोकांना फुकटाची किंमत नसते" हे वाक्य बैठकांत ऐकू येते, त्याला काडीचा आधार नाही. शुल्कातून रुग्णालय चालत होते असेही नाही, पगार आणि औषधे यांच्यापुढे ती रक्कम चिल्लरच. तिची किंमत वेगळ्या गोष्टीत होती. पैसा रोज यायचा, रोखीत यायचा आणि त्याच आठवड्यात खर्च करता यायचा. सकाळी खिडकीवर पावतीपुस्तक, दुपारी रोकडवहीत बेरीज, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. त्यातून निघायचे ते ऑटोक्लेव्हचे गॅस्केट, सक्शन मशीनची नळी, बेबी वॉर्मरचा त्वचेला लावायचा तापमान प्रोब, इन्व्हर्टरची बॅटरी, जनरेटरचे डिझेल, पावसाळ्यात गळणाऱ्या छपरावरचा पत्रा. शंभरापासून पाच-सात हजारांपर्यंतच्या या वस्तू. गॅस्केट फाटले की ऑटोक्लेव्हमध्ये वाफेचा दाब धरत नाही, दाब नाही म्हणजे निर्जंतुकीकरण नाही, आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात. त्या गॅस्केटसाठी जिल्ह्याला मागणीपत्र धाडले तर उत्तर यायला महिनाही लागू शकतो.

शुल्काच्या विरोधातले कारण मात्र पक्के होते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सूट होती, पण ती कागदावर. पिवळे रेशनकार्ड घरी राहिले, की सूट गेली. शिवाय केस पेपरचे पैसे कमी असले तरी एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त तपासणी यांचे वेगवेगळे लागत आणि मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ती बेरीज परवडत नसे. सूट कुणाला द्यायची हे खिडकीवरचा कारकून ठरवणार, हेच मुळात वावगे होते. तेव्हा शुल्क गेले ते बरेच झाले. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. वसुली बंद करताना समितीच्या हातातली लवचीकताही गेली, आणि तिची भरपाई ज्या निधीतून होईल असे गृहीत धरले गेले त्याचा स्वभावच निराळा आहे.

तो म्हणजे अबंधित निधी. शब्दावरून वाटते की वाटेल तसा खर्चावा. प्रत्यक्षात त्याला मार्गदर्शक सूचना आहेत, निषिद्ध बाबींची यादी आहे आणि वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे) द्यावे लागते. २०२१ मध्ये प्रत्येक केंद्रीय योजनेचा पैसा राज्याच्या एकाच नोडल खात्यात ठेवण्याची पद्धत आली आणि खालच्या संस्थेला मिळू लागली ती फक्त खर्चाची मर्यादा. मर्यादा उशिरा उघडली की फेब्रुवारी-मार्चमध्ये घाई सुरू होते, आणि घाईत घेता येतात त्या वस्तू म्हणजे खुर्च्या, कपाटे, वॉटर कूलर. अबंधित पैसा असा पंचांगाला बांधलेला.

देणग्यांचे आणि विकास निधीचे दार दुसरे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये आली. १९९४-९५ पासून वर्षाला १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी, २०११-१२ पासून ५ कोटी. कोरोनाच्या काळात ती काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली. तिचा पाया एकच : टिकाऊ मालमत्ता. रुग्णवाहिका चालते, तिचा चालक चालत नाही. एक्स-रे यंत्र चालते, फिल्म चालत नाही. नियम समजण्यासारखा आहे, नाहीतर निधी पगारातच जिरला असता. पण याच साच्यात आमदार निधी आणि पुढे कंपन्यांचा पैसाही ओतला गेला, आणि यंत्र एकीकडून व ते चालवणे दुसरीकडून ही फारकत पक्की झाली.

कंपन्यांचा पैसा १ एप्रिल २०१४ पासूनचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे. म्हणजे तंत्रज्ञाचा पगार कंपनीने उचलला तरी चौथ्या आर्थिक वर्षाच्या शेवटी तो थांबणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ (असा सामाजिक निधी घेण्यासाठीची) नोंदणी लागते, आणि त्या निधीतून झालेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नोंदणीकृत विश्वस्त संस्था, लाभार्थी गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच जाते. समितीची १२ए व ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ ही कागदपत्रे तयार नसतील तर कंपनी सोपा मार्ग धरते : स्वतः यंत्र विकत घ्यायचे आणि वस्तुरूपात हस्तांतरित करायचे. मग यंत्राची निवड रुग्णालयाची राहत नाही.

इथेच फसते. रक्तपेशी मोजणारे यंत्र भेट मिळते, पण ते बंदिस्त पद्धतीचे निघाले तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेच रिएजंट (तपासणीचे रसायन) घ्यावे लागते. शासनाच्या खरेदीच्या दरकरारात दुसऱ्याचे रिएजंट असेल तर यंत्र कापडाखाली जाते. सोनोग्राफी यंत्राचे आणखी अवघड. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी नसलेल्या केंद्राला ते विकताही येत नाही आणि देताही येत नाही. त्यामुळे आधी नोंदणी, पात्र डॉक्टरचे नाव, आणि मगच यंत्र. क्रम उलटला की सील लागते. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना हवा. थेट किरण पडणारी भिंत किमान ३५ सेंटीमीटर विटांची आणि विखुरलेले किरण पडणाऱ्या भिंती २३ सेंटीमीटरच्या असाव्या लागतात. जुनी खोली अशी असतेच असे नाही, आणि भिंतीचा खर्च देणगीत धरलेला नसतो.

डायलिसिसमध्ये पाणी विसरले जाते. मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर शुद्ध पाणी जाते. धुणे आणि आरओमधून वाया जाणारे पाणी जमेस धरले तर दोन सत्रांमागे कच्चे पाणी पाचशे लिटरच्या घरात लागते, आणि तेही उन्हाळ्यात, टँकरच्या तालुक्यात.

२०२१ मध्ये हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प गावोगाव बसले. लाट ओसरल्यावर वापर घटला. हे यंत्र नुसते उभे राहिले की त्यातल्या झिओलाइटमध्ये ओलावा शिरतो, नायट्रोजन शोषण्याची ताकद घटते आणि शुद्धता ९३ टक्क्यांच्या (तीन टक्के इकडेतिकडे) पट्ट्यातून खाली येते. म्हणून ते ठरलेल्या दिवशी चालवून शुद्धतेची नोंद घ्यावी लागते. त्याला प्रशिक्षित माणूस हवा आणि वीजबिलाची तरतूदही. जागतिक साथीत यंत्रे आली, ही दोन्ही मागाहून मागावी लागली.

देखभालीचा प्रश्न सरकारच्या ध्यानात आलाच नव्हता असे नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांतील यंत्रांची मोजदाद केली तेव्हा राज्यागणिक १३ ते ३४ टक्के यंत्रे बंद आढळली. मग देखभाल बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्याची योजना आली आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर यंत्रे ९० टक्के वेळ चालू राहावीत असे ठरले. पण देखभाल होते ती यादीतल्या, टॅग लावलेल्या यंत्राची. उद्घाटनाच्या दिवशी आलेले यंत्र साठा नोंदवहीत चढले नाही तर देखभाल संस्थेच्या लेखी ते नाहीच.

त्यामुळे हल्ली जाणते अधीक्षक दात्याकडून यंत्राआधी पत्र मागतात. त्यात पाच वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार असतो. साधा वार्षिक करार चालत नाही, कारण त्यात फक्त मजुरी येते, सुटे भाग येत नाहीत. एक्स-रे ट्यूब, सोनोग्राफी प्रोब आणि बॅटरी करारातून वगळल्या आहेत का, तेही तिथेच वाचून घ्यावे लागते. पहिल्या वर्षाचे रिएजंट, बसवल्याचा अहवाल, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि खरेदीच्या बिलाची प्रत हवी. बिलाच्या प्रतीला दाते कुरकुरतात, भेटवस्तूची किंमत कशाला सांगायची म्हणून. पण नोंदवहीत "दान म्हणून प्राप्त" एवढेच लिहिले आणि किमतीचा रकाना मोकळा राहिला, तर दहा वर्षांनी निर्लेखनाचा (यंत्र नोंदवहीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव त्याच रकान्यावर अडतो. मग यंत्र दुरुस्त होत नाही आणि भंगारातही जात नाही. ते जुन्या प्रसूती कक्षाशेजारच्या खोलीत राहते, दात्याच्या नावाच्या फलकासकट.