सैल त्वचा (वजन उतरल्यानंतरची)

मोठ्या प्रमाणावर वजन उतरले की आतली चरबी जाते, पण तिच्यावर वर्षानुवर्षे ताणून बसलेली त्वचा त्या मानाने आकसत नाही. पोट, दंड, मांड्या, छाती, पाठ आणि गळा या ठिकाणी ती घड्या पडून लोंबू लागते. वैद्यकीय मराठीत याला त्वचाशैथिल्य म्हणता येईल. कोल्हापुरात मात्र ‘वजन उतरलं, पण कातडं तसंच ऱ्हायलं’ एवढेच म्हणतात, आणि ते पुरेसे नेमके आहे. पाच-दहा किलो कमी झाल्यास फारसे जाणवत नाही. तीस-चाळीस किलोच्या पुढे गेले, की मग ते आहार-व्यायामाने असो, बॅरिअॅट्रिक (जठर लहान करण्यासारख्या) शस्त्रक्रियेने असो वा २०२५ पासून भारतात मिळू लागलेल्या मौंजारो, वेगोवी यांसारख्या वजन उतरवणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांनी, बहुतेकांना कमी-अधिक प्रमाणात याला तोंड द्यावे लागते.

कोल्हापुरात ‘तब्येत’ म्हणजे नुसते आरोग्य नव्हे, भरलेले अंग. १९१२ साली शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग कुस्ती मैदानाचे आणि पेठापेठांतल्या तालमींचे हे गाव. ‘तब्येत केलीय गड्यानं’ ही इथली शाबासकी. कुस्ती सुटते, दूध-तूप-बदामाचा खुराक सुटत नाही, आणि चाळिशीत काटा शंभरी ओलांडतो. अशा माणसाने मेहनतीने वजन उतरवले आणि तो सकाळी रंकाळा तलावावर फिरताना भेटला, तर पहिला प्रश्न येतो, ‘शुगर निघाली काय?’ गळ्याची आणि गालाची सैल कातडी त्या शंकेला जोरच देते. कौतुकाच्या जागी चौकशी वाट्याला येणे हा या अवस्थेचा इथला खास त्रास म्हणावा लागेल.

त्वचेच्या मधल्या थरात कोलाजेनचे मजबूत तंतू आणि इलास्टिनचे लवचिक तंतू असतात. इलास्टिन मुख्यतः जन्माआधी आणि बालपणी तयार होते; मोठेपणी तुटलेल्याची भरपाई फारच थोडी होते. वजन वाढताना उमटलेले पांढरट-लालसर स्ट्रेच मार्क ही मधला थर फाटल्याची खूण, आणि ज्या पोटावर ते दाट आहेत ते पूर्ववत होण्याची आशा कमी. वय, किती किलो उतरले, लठ्ठपणा किती वर्षे टिकला, बाळंतपणे, धूम्रपान, उन्हात काढलेले आयुष्य आणि आनुवंशिकता यांवर बाकीचे अवलंबून असते. पंचविशीतला मुलगा आणि पन्नाशीतली बाई सारखेच वजन उतरवतील, कातडी सारखी उतरणार नाही.

पहिले वर्ष-दोन वर्षे त्वचा थोडीफार आकसते. वजनाच्या व्यायामाने दंड-मांड्यांचे स्नायू भरले तर तिथली पोकळी काहीशी झाकली जाते. जोर-बैठकांचा इथे उपयोग आहे. ओटीपोटावर लोंबणारा पडदा मात्र कोणत्याही व्यायामाने जात नाही. तेलाच्या मालिशीने कातडी मऊ राहते, घट्ट होत नाही. ‘स्किन टायटनिंग’ क्रीमवर पैसे घालवू नयेत, आणि कातडी आतून तापवणारी रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रे किरकोळ सैलपणापुरतीच. ‘अजून चरबी आहे’ असे समजून जेवण तोडणारेही भेटतात. चिमटीत धरल्यावर कातडी पातळ, रिकाम्या पिशवीसारखी लागत असेल, तर उपाशी राहून काही साधत नाही. उलट प्रथिने कमी पडून स्नायू झिजतात आणि सैलपणा आणखी दिसतो.

खरा रोजचा प्रश्न घडीतला आहे. दोन थर एकमेकांवर घासतात, घाम अडकतो, कातडी लाल होऊन सोलवटते आणि ओलाव्यावर बुरशी वाढते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. तेच अंगावर चढवले की खाज ठरलेली. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी नेमकी घडीत रुतते. त्या जागी काळा पट्टा पडतो, कधी जखम होते. नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर शिवून घेणे हा शिंप्याकडचा साधा उपाय अनेक मलमांपेक्षा बरा.

घडी रोज सौम्य साबणाने धुवावी, चोळून नव्हे तर टिपून कोरडी करावी, मधे सुती कापडाची पट्टी ठेवावी, कपडे उन्हात वाळत नसतील तर इस्त्री फिरवावी. लाली, चट्टे, दुर्गंधी दिसली की लोक मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणतात. या ट्यूबांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, मग नायटा दुप्पट पसरतो आणि घडीतली आधीच पातळ कातडी आणखी पातळ होते. चिवट नायट्याची जी साथ गेली काही वर्षे देशभर दिसते, तिच्यामागे या ट्यूबांचा मोठा हात आहे. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून दाखवणे यापेक्षा स्वस्त पडते. मधुमेह असेल, घडीतून पू येत असेल किंवा ताप असेल, तर थांबूच नये.

कायमचा इलाज शस्त्रक्रियेचा. लोंबत्या पोटाची प्रत पाच पायऱ्यांत मोजतात: पहिलीत पडदा जांघेच्या केसांपर्यंत येतो, पाचवीत गुडघ्यापर्यंत किंवा खाली. नुसता पडदा कापून काढणे म्हणजे पॅनिक्युलेक्टॉमी. पोटाचे स्नायू आवळून, बेंबी नव्या जागी बसवून केलेली ती अॅब्डोमिनोप्लास्टी. दंड आणि मांड्यांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या, बहुधा टप्प्याटप्प्याने. लायपोसक्शनने चरबी निघते, कातडी नाही.

शस्त्रक्रियेआधी वजन किमान सहा महिने स्थिर असावे. बॅरिअॅट्रिकनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबतात. मूल हवे असेल तर पोटाची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. बिडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद, नाहीतर टाक्यांची कड काळी पडून उसवण्याचा धोका. हिमोग्लोबिन, बी-१२, प्रथिने तपासली जातात, कारण बॅरिअॅट्रिकनंतर यांची कमतरता नेहमीची. शस्त्रक्रियेनंतर जखमेतले पाणी काढणाऱ्या नळ्या, सुमारे सहा आठवडे प्रेशर गारमेंट, तितकेच दिवस हंडा-बादली उचलणे वर्ज्य. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो घट्ट पट्टा सोसत नाही, म्हणून हिवाळा बरा. जखमेत पाणी साचणे, जंतुसंसर्ग, टाके उसवणे आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी हे धोके. शेवटचा जिवावर बेतू शकतो, म्हणूनच दुसऱ्या दिवसापासून कमरेत वाकून का होईना चालायला लावतात. व्रण कायमचा राहतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो जाड किंवा काळपट होण्याची शक्यता अधिक, आणि दंडाचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत जातो, तेव्हा ब्लाउजच्या बाह्यांचा विचार आधीच केलेला बरा.

विम्याची बाजू अडचणीची आहे. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल तरच तिचा विचार होतो, आणि तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी दाखल्यावर. म्हणून घडीतल्या वारंवारच्या जखमांचे तारीखवार फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या आणि ओपीडीचे केसपेपर पहिल्या पावसाळ्यापासूनच एका फाइलीत लावत जावेत.