ओटीपी बापाच्या नंबरवर, फोन पोरांच्या हातात : ऑनलाइन माहिती देण्याच्या संमतीच्या वयाची पार्श्वभूमी

दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे हा गुन्हा ठरला तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीने, कलम ६६-सी खाली. तेव्हा विदर्भातल्या खेड्यांत पोरांच्या हाती फोन नव्हता. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि घरातला एकुलता स्मार्टफोन आठवी-नववीतल्या मुलांकडे गेला. पुढच्या वर्षी ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, मोबाईलवर आली. कपाशीचा फोटो काढून चढवायचे काम बऱ्याच कास्तकारांच्या घरी मुलांकडेच आले. आधार, बँक, शिष्यवृत्ती, इन्स्टाग्राम, सगळे त्याच एका सिमवर.

खरा वाद वयाचा आहे : आपली माहिती ॲपला द्यायला मुलाची स्वतःची संमती कितव्या वर्षापासून चालावी. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने १३ ची रेघ ओढली, म्हणून बहुतेक ॲप १३ विचारतात. युरोपने १६ ठरवून देशांना १३ पर्यंत उतरायची मुभा दिली. आपल्याकडे डेटा संरक्षणावरच्या २०१८ च्या तज्ञ समितीने १८ जास्त वाटते हे मान्य करूनही, करार करण्याचे वय तेच म्हणून १८ च ठेवले. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही तेच आले : १८ खालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी.

पडताळणी होणार ॲपकडे पालकांची आधीच असलेल्या नोंदीवरून किंवा डिजिलॉकरसारख्या (सरकारी कागदपत्रे मोबाईलवर ठेवायची सोय) ठिकाणच्या टोकनवरून, म्हणजे ओळखीच्या डिजिटल खुणेवरून. डिजिलॉकरचा ओटीपी येतो बापाच्या नंबरवर, आणि तो नंबर ज्या फोनमध्ये आहे तो पोरीच्या हातात. सहा आकडी पिनही बहुधा तिनेच ठरवलेला. संमती देणारा आणि मागणारा एकच. हा प्रश्न मसुदे करताना पुरेसा धसास लागला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फसवणूक करणारे याच जागी बोट घालतात. पीएम-किसानच्या नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) गावाच्या ग्रुपवर येते, एसएमएस वाचायची परवानगी घेते आणि ओटीपी परस्पर बाहेर पाठवते. सेटिंगमधल्या ‘अज्ञात ॲप इन्स्टॉल करा’ या यादीत व्हॉट्सॲप बंद असेल तर ती फाइल तिथून बसत नाही. ती बसलीच असेल तर आधी डेटा आणि वायफाय बंद करावे, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला व बँकेला कळवावे, मग ॲप काढावे. पासवर्ड त्याच फोनवरून बदलले तर नवेही जातात.

झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेले आधार ‘सर्वांसाठी डिलीट’ केले तरी त्याच्या संगणकात उतरलेली प्रत तशीच राहते. चालत असेल तिथे शेवटचे ४ आकडे दिसणारे मास्क्ड आधारच द्यावे.