जुनी रोटरी घेतली की पहिला खर्च पाण्यावर

माझदाची रोटरी इंजिनवाली जुनी आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ दारात आली की पहिल्याच रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते, एक्झॉस्ट कुठला लावू, बूस्ट म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब किती वाढवता येईल, एअर फिल्टर कुठला चांगला. हा उत्साह मला मनापासून कळतो, कारण आरएक्स-८ सारखं ९,००० आरपीएमपर्यंत न कुरकुरता चढत जाणारं इंजिन पायाखाली आलं की अजून हवंसं वाटणारच. पण माझं सांगणं एकच आहे, पहिला पैसा पाण्यावर घाला. पाणी म्हणजे कूलंट. पॉवरचं नंतर बघू. आणि हे असं का, ते कळायला इंजिनच्या आत जरा डोकवावं लागतं, एकदा ते कळलं की कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे कुणाला विचारत बसावं लागत नाही.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत पिस्टनच नाही, तिथे फुगीर बाजूंचा एक त्रिकोण असतो, त्याला रोटर म्हणतात, आणि तो कंबर जेमतेम आवळलेल्या डमरूच्या आकाराच्या पोकळीत फिरत राहतो. त्याची तीन टोकं कायम भिंतीला टेकलेली, त्यामुळे पोकळीचे तीन कप्पे पडतात आणि रोटर फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होत जातो, आधी हवा-पेट्रोल ओढून घेतो, मग दाबतो, मग जाळतो, मग धूर बाहेर ढकलतो. रोटरचा एक फेरा होतो तोवर मधला शाफ्ट तीनदा फिरलेला असतो, म्हणजे मीटरवर ९,००० दिसत असतात तेव्हा रोटर प्रत्यक्षात ३,००० नेच फिरत असतो, इतक्या वरच्या आरपीएमला हे इंजिन थरथरत नाही त्याचं एक कारण हे पण आहे. प्रसिद्ध १३बी इंजिनात असे दोन रोटर, प्रत्येकाचा कप्पा ६५४ सीसीचा, मिळून १,३०८ सीसी.

आता खरी गंमत इथे आहे. पिस्टनच्या इंजिनात ज्या सिलिंडरमध्ये स्फोट होतो त्याच सिलिंडरमध्ये पुढच्या फेऱ्यात थंड हवा येते, त्यामुळे तापलेल्या भिंतीला थोडा तरी गारवा मिळतो. रोटरीत तसं नाही. डमरूच्या एका बाजूला कायम गार हवा आत येते आणि दुसऱ्या बाजूला कायम आग, जागा बदलतच नाहीत, म्हणजे एकाच धातूच्या भांड्याची एक बाजू सतत भाजतेय आणि दुसरी त्या मानाने थंड. त्यात भर म्हणजे जळणारा कप्पा लांबट आणि पातळ, त्यामुळे आतल्या वायूच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ फार, आणि जेवढी भिंत जास्त तेवढी उष्णता पाण्यात आणि ऑइलमध्ये जास्त जाते. ज्वाळा पण अशा लांबट कप्प्यात सगळीकडे पोचायला वेळ लावते, कधी कधी एक्झॉस्टचं तोंड उघडेपर्यंत थोडं जळणं चालूच असतं, म्हणून रोटरीचा एक्झॉस्ट इतका गरम.

या उष्णतेत कोण सापडतं बघा. इंजिन म्हणजे थरावर थर रचलेला डबा असतो, बाजूची तीन पाटं लोखंडी बिडाची, त्यांच्यामध्ये दोन रोटर-हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमची, आणि हे सगळं आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी आवळलेलं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट पसरतं. दोघांच्या सांध्यात पाणी आत झिरपू नये म्हणून रबरासारख्या पातळ रिंगा बसवलेल्या असतात, कूलंट सील म्हणतात त्यांना, आणि गाडी एकदा जोरात ओव्हरहीट झाली की या रिंगा कडक होतात, चिरतात, किंवा हाउसिंगच वाकतं आणि पाणी थेट जळणाच्या कप्प्यात जायला लागतं. सकाळी स्टार्ट करताना गोडसर वासाचा पांढरा धूर, पाणी कुठे सांडत नाही तरी कमी होतंय, बंद गाडीचा होज पाइप दुसऱ्या दिवशी पण टणक, ही त्याची लक्षणं. मग इंजिन पूर्ण उघडण्याशिवाय इलाज नाही. पिस्टनच्या गाडीत एकदा ओव्हरहीट झालं तर पुष्कळदा निभावून जातं, इथे तो एक प्रसंगच शेवटचा ठरू शकतो.

म्हणून पहिलं काम, सगळे होज, रेडिएटरची कॅप, थर्मोस्टॅट, वॉटर पंपचा पट्टा नवे. एफडी म्हणजे तिसऱ्या पिढीची आरएक्स-७, जी १९९१ च्या शेवटी जपानात आली आणि २००२ पर्यंत बनली, तिच्यात पाण्यातली हवा वेगळी काढणारी एक छोटी प्लास्टिकची टाकी आहे, ती उष्णतेने ठिसूळ होऊन जोडावर फाटते आणि पाणी जातं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची टाकी बसवणं हे माझ्या मते त्या गाडीचं सगळ्यात मोलाचं मॉडिफिकेशन आहे, आणि त्याने एक हॉर्सपॉवर पण वाढत नाही. मूळ रेडिएटरच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्याही वयाने तडकतात, तेव्हा पूर्ण धातूचा रेडिएटर त्याच वेळी टाकून घ्या.

एक चूक बरेच जण करतात, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो, गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर बायपास सताड उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाताच इंजिनात परत फिरतं. म्हणजे थंड करायला गेलो आणि गाडी जास्तच तापली. अजून एक अगदी साधी गोष्ट, बंपरखालचा प्लास्टिकचा ट्रे. आधीच्या मालकाने ऑइल बदलताना काढला आणि परत लावलाच नाही असं फार दिसतं, पण समोरून येणारी हवा रेडिएटरमधूनच गेली पाहिजे याची व्यवस्था तोच ट्रे आणि आजूबाजूचे फोम करतात. वाट मोकळी दिसली की हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते, मग रेडिएटर कितीही महागाचा असो.

आणि दिसलं पाहिजे. एफडीचा मूळ टेंपरेचर काटा मुद्दाम असा बनवलाय की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावर स्वस्थ बसून राहतो, चालवणाऱ्याला उगाच काळजी वाटू नये म्हणून, आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिचे मूळ फॅन पण पाणी १०० अंशांच्या वर गेल्यावरच जोरात लागतात (पाणी दाबाखाली असतं म्हणून उकळत नाही). तेव्हा खरे आकडे दाखवणारं डिजिटल गेज, पाण्याचं एक आणि ऑइलचं एक. ऑइलचं यासाठी की रोटरला आतून थंड करायचं काम ऑइलच करतं, शाफ्टमधल्या बारीक भोकांतून ते रोटरच्या पोटात उडवलं जातं. एफडीच्या आर-१ प्रकाराला कंपनीनेच दोन ऑइल कूलर दिले होते ते उगाच नाही.

खरं तर या सगळ्याच्या आधी, शक्यतो व्यवहार होण्याच्याही आधी, कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यात हवा किती दाबली जाते ते, तपासून घ्या. पण नेहमीच्या गेजने नाही. एका रोटरला तीन बाजू, त्यामुळे एका स्पार्क प्लगच्या भोकातून तीन वेगवेगळे आकडे मिळायला हवेत, आणि साधं गेज त्यातला फक्त सगळ्यात मोठा धरून ठेवतं, म्हणजे दोन बाजू मेल्या असल्या तरी काटा ठणठणीत. रोटरीचा टेस्टर तिन्ही आकडे वेगळे दाखवतो आणि ते २५० आरपीएमवर आणून वाचायचे असतात, कारण स्टार्टर जेवढा जोरात फिरवेल तेवढा दाब जास्त दिसतो. आरएक्स-८ ला पुढे जास्त वेगाने फिरणारा स्टार्टर आला तो याच कारणाने, इंजिन थकलं की हळू फिरवून दाबच तयार होत नाही.

हा दाब धरून ठेवतात त्या टोकांवरच्या पट्ट्या, अ‍ॅपेक्स सील. एफडीत पट्टी ८० मिलिमीटर लांब आणि फक्त २ मिलिमीटर जाड, आणि सगळं इंजिन तिच्या भरवशावर. जर्मनीत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये फिरलं, पुढे हिरोशिमाच्या तोयो कोग्योने म्हणजे आजच्या माझदाने परवाना घेतला, तेव्हा या पट्ट्या भिंतीवर थरथरून ओरखडे पाडायच्या. तिथल्या इंजिनिअरांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव दिलं होतं. केनिची यामामोतो यांच्या ४७ जणांच्या टीमने कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून बनवलेली पट्टी वापरून तो प्रश्न सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. मला तरी ही गोष्ट वाचताना दरवेळी भरून येतं.

या पट्ट्यांना ऑइल लागतं, म्हणून इंजिनच स्वतः थोडं थोडं ऑइल कप्प्यात सोडतं आणि जाळतं. रोटरी ऑइल खाते ते बिघाड म्हणून नाही, ते तिचं कामच आहे, त्यामुळे पेट्रोल भरताना दरवेळी डिपस्टिक बघायची सवय लावा. बरेच जण पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल पण घालतात, इंजिनचा स्वतःचा ऑइल सोडणारा पंप चालू असताना ५० लिटरला साधारण २०० ते ४०० मिली. टू-स्ट्रोक ऑइल जळायलाच बनवलेलं असतं, राख कमी सोडतं, मला हा उपाय स्वस्त आणि शहाणपणाचा वाटतो. गार गाडी दोन मिनिटं चालू करून जागा बदलायची आणि लगेच बंद करायची हे मात्र टाळा, थंड इंजिनात पेट्रोल जास्त पडतं, ते भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, पट्ट्या दाब धरत नाहीत, प्लग भिजतात आणि मग गाडी स्टार्टच होत नाही.

आरएक्स-८ असेल तर पाण्याच्या बरोबरीने कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग. लांबट कप्पा म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग, लीडिंग आणि ट्रेलिंग, आणि चार प्लगना चार कॉइल. या कॉइल वयाने कमजोर होतात, ठिणगी चुकते, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, त्याची जाळी वितळून तुंबते, धूर मागे कोंडतो आणि ती उष्णता परत इंजिनला भाजते. एका कॉइलपायी अख्खं इंजिन जातं ते असं. कॉइल, वायर, प्लग एकदम बदला, आणि प्लग बसवताना लीडिंग-ट्रेलिंग अदलाबदल होऊ देऊ नका, ट्रेलिंगचा प्लग मुद्दाम जास्त थंड जातीचा असतो, लीडिंग सात नंबरचा तर ट्रेलिंग नऊचा.

एफडीला टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे, दोन, आधी एक फुंकतो आणि साधारण ४,५०० आरपीएमला दुसरा येऊन मिळतो, हा खेळ बारीक व्हॅक्यूम पाइपांच्या जाळ्यावर चालतो. बॉनेटखालच्या उष्णतेने ते पाइप लाकडासारखे कडक होतात. सिलिकॉनचे घाला, वेळखाऊ काम आहे पण बूस्टच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता एक्झॉस्ट. टर्बोच्या मागे लगेच असलेला छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे प्री-कॅट, काढला की बॉनेटखालची उष्णता खरंच खूप उतरते, पण तुमच्या इथले प्रदूषणाचे नियम आधी बघा, आणि पुढचा धोका पण लक्षात घ्या. मूळ बूस्ट १० पीएसआयच्या आसपास. मागची वाट पूर्ण मोकळी केली की टर्बो सहज फिरतो, जास्तीचा धूर बाजूला वळवणारं वेस्टगेट लहान आहे, ते पुरं पडत नाही आणि बूस्ट आपोआप वर सरकत जातं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, मिश्रण पातळ, आणि मग डेटोनेशन म्हणजे ज्वाळा पोचण्याआधीच उरलेल्या मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट. पिस्टनचं इंजिन असे दोन-चार ठोके सहन करतं, पण ही २ मिलिमीटरची पट्टी एका ठोक्यात तुटते आणि तिचे तुकडे बाहेर पडताना टर्बोची पाती पण घेऊन जातात.

टायर, ब्रेक ऑइल, सस्पेन्शनचे बुश यांचं वेगळं सांगत नाही, जुन्या गाडीला ते लागणारच.

पॉवर वाढवायचीच असेल तर निदान एक पूर्ण उन्हाळा पाण्याचा आणि ऑइलचा आकडा ट्रॅफिकमध्ये, चढावर, हायवेवर लिहून ठेवा आणि कॉम्प्रेशन परत एकदा मोजा. सगळे आकडे जागेवर असतील तर आधी टर्बोची तापलेली हवा गार करणारा मोठा इंटरकूलर, मग हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं वाइडबँड गेज, मग ट्यून करता येणारा ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आणि पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, आणि बूस्टच्या कंट्रोलरला हात त्यानंतर.