लघुग्रहांची पूर्वनोंद आणि ‘शोध’ या शब्दाचा घोळ

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या शाळेतील मुलांनी आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा तपासून लघुग्रहाची स्थाने कळवली, की ‘मुलांनी लघुग्रह शोधला’ असे आपण कौतुकाने म्हणतो. घोळ तिथेच होतो, कारण मराठीत शोध घेणे आणि शोध लागणे या दोन्हींना एकच शब्द आहे. जुन्या प्रतिमांत लघुग्रहाचे स्थान नंतर ओळखणे, म्हणजेच पूर्वनोंद, या घोळात झाकून जाते.

१ जानेवारी १८०१ च्या रात्री सापडलेला पहिला लघुग्रह, सेरेस, काही आठवड्यांत सूर्यप्रकाशात हरवला आणि वर्षअखेरीस गणिताने सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा दिसला. १८९१ पासून छायाचित्रांच्या काचांवर लघुग्रहांच्या बारीक रेघा उमटू लागल्या. पुढे १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या जुन्या काचा संगणकावर आल्या, तेव्हा गेलेल्या रात्रींचे आकाश घरी बसून चाळता येऊ लागले.

जुन्या प्रतिमा चाळण्याच्या या कामाचे मोल २००४ मध्ये दिसले. जूनमध्ये सापडलेला अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता डिसेंबरअखेर २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती. त्याच वर्षीच्या मार्चमधील प्रतिमांत त्याचा अंधूक ठसा मिळाला, कक्षेच्या गणिताला आणखी तीन महिन्यांचा आधार लाभला आणि २०२९ ची टक्कर बाद झाली. शोध लागण्याआधीच्या प्रतिमेत नंतर ओळखलेल्या अशा स्थानाला इंग्रजीत प्रीकव्हरी म्हणतात. मराठीत ‘पूर्वनोंद’ म्हणावे.

मग शोध कोणाचा? ऑक्टोबर २०१० पासून श्रेय ठरवताना प्रतिमा कधी घेतली यापेक्षा, दुसऱ्या रात्रीचे निरीक्षण आधी कोणी कळवले, याला महत्त्व आहे. नियम व्यवहार्य आहे, अन्यथा प्रत्येक जुनी काच नवा दावेदार उभा करील. तरीही पूर्वनोंद करणाऱ्याचे काम त्यामुळे झाकोळते, हे मला अन्यायाचे वाटते. अपोफिसची भीती मार्चमधला तो ठसा ओळखणाऱ्यांनीच घालवली.

काम चिकाटीचे आहे. काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमा पडद्यावर एकामागून एक फिरवल्या, की तारे जागचे हलत नाहीत आणि एखादाच ठिपका सरळ रेषेत पुढे सरकतो. बेळगावचे आकाश जून ते सप्टेंबर ढगांनी भरलेले असते, पण पूर्वनोंदीचे काम त्या महिन्यांतही चालते.