एकाच पिंजऱ्यात फिंच का भांडतात?

झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, जेमतेम 12 ग्रॅम वजनाचा, थव्याने राहणारा पक्षी. पाऊस पडून गवताला बी धरलं की तिथे जोड्या घरटी बांधतात, कधी कधी एकाच झुडपात अनेक. घरट्याच्या अगदी जवळ कोणी आलं तर नर त्याला हुसकावतो, आलेला उडून जातो आणि विषय संपतो. पिंजऱ्यात नर तसाच हुसकावतो, पण हरलेल्याला जायला जागा नसते. म्हणून एखाद्या नरावर खुनशीपणाचा शिक्का मारण्याआधी पिंजऱ्याची मांडणी तपासावी. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आधी खरी मारामारी ओळखायला हवी. दांडीवरच्या जागेवरून चोचीला चोच लावून दोन-तीन सेकंद चाललेली झटापट रोजचीच असते, तिच्यात पडू नये. एकच पक्षी पुन्हा पुन्हा पळवला जातोय, तळाशी कोपऱ्यात फुलून बसतोय, दाण्याकडे गेला की हाकलला जातोय, किंवा त्याच्या डोक्यामागची, पाठीची, शेपटीची पिसं गेलीत, ही धोक्याची खूण. एवढ्या छोट्या पक्ष्याच्या अंगात साठा फारसा नसतो, एक दिवसाची उपासमारही जिवावर बेतते. पीसगळती असेल तर उघड्या जागी नवे कोंब दिसतात आणि गळती अंगभर विखुरलेली असते. उपटलेली जागा मात्र ठरावीक ठिकाणी आणि गुळगुळीत उघडी दिसते.

पिंजऱ्याच्या उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण फिंच आडवे उडतात. एका जोडीला किमान अडीच फूट लांबी द्यावी, तीन जोड्यांना चार फूट लांब आणि दोन फूट खोल पिंजरा लागतो. दांड्या दोन्ही टोकांना, एकाच उंचीवर बसवाव्यात आणि मधला भाग उडायला मोकळा सोडावा. एकच दांडी सगळ्यांत उंच असेल तर रोज संध्याकाळी तिच्यावरून भांडण ठरलेलं. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, तीही विरुद्ध टोकांना ठेवावीत. म्हणजे दांडगा नर एका भांड्यापाशी ठाण मांडून बसला तरी बाकीचे उपाशी राहत नाहीत. मध्ये बांबूच्या चटईचा एक तुकडा उभा लावला की पळणाऱ्याला नजरेआड होता येतं, आणि दिसेनासा झालेल्याचा पाठलाग सहसा थांबतो.

जोड्यांची संख्याही तितकीच महत्त्वाची. दोन नर आणि एक मादी ही सर्वांत वाईट जुळणी. दोन जोड्यांतही बरेचदा एक जोडी दुसरीवर कायम वरचढ ठरते. एकच जोडी ठेवावी, किंवा जागा असेल तर तीन. मग राग एकावर न साचता वाटला जातो. पिल्लं नको असतील तर नुसते नर किंवा नुसत्या माद्याही नांदतात, मात्र नरांच्या पिंजऱ्यात घरटं नको आणि शेजारी मादी दिसायला नको.

खरी ठिणगी मटकीची, म्हणजे घरट्यासाठी टांगलेल्या छोट्या मडक्याची. वीण घ्यायची नसेल तर मटक्या, वाट्या, करवंट्या सगळं काढून टाकावं, उकडलेलं अंडं बंद करावं आणि दिवसाचा उजेड दहा-अकरा तासांवर आणावा. वीण घ्यायची असेल तर जोड्यांपेक्षा जास्त मटक्या, शक्यतो दुप्पट, एकाच उंचीवर आणि एकमेकींपासून लांब टांगाव्यात. काथ्या कमी पडला की जोडपी शेजाऱ्यांची, कधी स्वतःच्या पिल्लांचीही पिसं उपटून घरट्यात भरतात. म्हणून दोन-अडीच इंचांचे तुकडे भरपूर द्यावेत. लांब धागा कधीही देऊ नये, तो पायाला गुंडाळला की रक्तपुरवठा थांबतो. पिल्लं साधारण पाच आठवड्यांत स्वतः दाणे टिपू लागतात. ती नीट खाताना दिसली की सहाव्या आठवड्यात वेगळी करावीत. नर पिल्लांच्या गालावर नारिंगी रंग चढू लागला की बाप त्यांना प्रतिस्पर्धी म्हणून हाकलू लागतो.

एवढं करूनही एखादा नर ऐकत नसेल तर मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला बाहेर काढावं. आठवडाभर त्याला वेगळ्या पिंजऱ्यात, शक्य तर त्याच्या मादीसोबत ठेवावं. दरम्यान मूळ पिंजऱ्यातल्या दांड्या, भांडी, चटई यांच्या जागा बदलाव्यात. परत आलेल्याला जुनी हद्द सापडत नाही आणि तो नवखा ठरतो. जखमीला ताबडतोब वेगळं करावं, कारण रक्त दिसलं की इतरही टोचतात. जखमेवर कॉर्नफ्लोअर हलकेच दाबून धरावं, साधारण 30 अंशांची ऊब द्यावी, आणि रक्त थांबत नसेल तर वेळ न घालवता पशुवैद्य गाठावा.

सोबतीला दुसरी जात हवी असेल तर बेंगाली फिंच सर्वांत शांत. पण झेब्रा फिंच त्यांच्या मटकीत घुसून ती बळकावतात, हे ध्यानात ठेवावं. गोल्डियन फिंचमध्ये लाल डोक्याचे पक्षी काळ्या डोक्याच्यांवर दादागिरी करतात, हे प्रयोगांतही दिसलं आहे. तेव्हा लाल डोक्याचे अनेक नर एकत्र कोंबू नयेत. आपल्याकडची लाल मुनिया मात्र पिंजऱ्यात आणूच नये. ती 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि बाजारात कुणी विकत असेल तर ती रानातून पकडलेलीच असण्याची शक्यता मोठी. नवा पक्षी कुठलाही असो, आधी 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा, मग आठवडाभर पिंजरे शेजारी लावावेत, आणि सकाळी दाणे भरताना, सगळे खाण्यात गुंतलेले असताना आत सोडावा. त्या दिवशी घरात कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.