आंब्यावर चढलेला तो मॉन्स्टेरा नव्हे

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक आंबा आहे. त्याच्या खोडावर सुपाएवढ्या, फाटक्या पानांचा वेल चढलाय. गेल्या जूनमध्ये तळमजल्यावरच्या काकूंनी माळ्याकडून त्याचा हातभर तुकडा कापून घेतला आणि मला जिन्यातच गाठलं. "बघ गं, नर्सरीवाले मॉन्स्टेराला केवढे पैसे मागतात, मला फुकटात मिळाला!" मॉन्स्टेरा म्हणजे मोठ्या, कापलेल्या पानांचा शोभेचा वेल.

दिवाळीपर्यंत कुंडीत नवी पानं आली ती तळहाताएवढी, सलग, पिवळे शिंतोडे उडालेली. साधा मनी प्लांट! काकूंना वाटलं, आपल्याच हाताला गुण नाही.

हाताचा यात काही दोष नव्हता. मनी प्लांटला चढायला झाड मिळालं की पानं हात-दीड हात लांब होतात आणि कडेपासून आत फाटत जातात. आधार सुटून वेल लोंबायला लागला की पुन्हा लहान. खिडकीतल्या बाटलीत आपण वर्षानुवर्षं त्याचं बाळरूपच पाहतो, म्हणून झाडावरचं थोराड रूप परकं वाटतं. तुकडा कापून आणला तरी ते थोराडपण सोबत येत नाही. काथ्या गुंडाळलेल्या जाड काठीवर त्याला चढवायचं, काथ्या ओला ठेवायचा. तरी गॅलरीतल्या उजेडात आंब्यावरची पानं मिळतील याची खात्री मी देणार नाही.

मॉन्स्टेराचं तसं नाही. त्याच्या मोठ्या खोडाचा तुकडा नीट रुजला तर नवी पानंही बहुधा कापलेलीच येतात. मूळचा तो दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातला. मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. कुळ मात्र एकच, आपल्या अळूचं. म्हणून दोघांचाही चीक खाजतो. कापताना हातमोजे घाला, आणि मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

ओळखायचं कसं? मॉन्स्टेराच्या थोराड पानात कडेच्या चिरांखेरीज मधल्या शिरेजवळ चांगली ठसठशीत भोकं असतात. मनी प्लांटच्या मोठ्या पानात चिराच. शिरेलगत भोकं असली तर टाचणीने टोचल्यासारखी बारीक. शिवाय बहुतेक वेळा कुठे ना कुठे पिवळा फराटा सापडतो. मॉन्स्टेराची हवाई मुळं सुतळीसारखी लांब लोंबतात, मनी प्लांटची आखूड मुळं झाडाला चिकटून बसतात.

रोप करताना दोघांचा एक नियम सारखा आहे: गाठ हवी, म्हणजे खोडावर जिथून पान आणि मूळ फुटतं ती जागा. माझं एक नुसतं देठासकटचं मॉन्स्टेराचं पान चार महिने पाण्यात हिरवंगार होतं, मुळंही फुटली, पण कोंब नाही. येणारच नव्हता, डोळाच नव्हता ना!

मनी प्लांटची गाठ पाण्यात बुडवली की काम झालं. मॉन्स्टेराचं जाड खोड मात्र लवकर कुजतं. त्यासाठी मला गुटी बरी वाटते, म्हणजे वेलावर असतानाच गाठीला मुळं फोडून घ्यायची. हवाई मूळ असलेल्या गाठीभोवती भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (नर्सरीत मिळणारं सुकं शेवाळ) मूठभर बांधायचं, वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं दोऱ्याने आवळायची. साल काढायची गरज नाही. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसली की गाठीखाली कापून सरळ कुंडीत. मुंबईचा पावसाळा यासाठी उत्तम, हवाच ओली असते. मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि नारळाच्या सोडणाचे जाडसर तुकडे जास्त घाला, पाणी साचता कामा नये.

पाण्याच्या बाटल्यांबद्दल मात्र पावसाळ्यात जपा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि महापालिकेची माणसं घरी तपासणीला आली की मनी प्लांटच्या बाटल्या हमखास बघतात. आठवड्यातून एकदा नुसतं पाणी बदलू नका, बाटली आतून घासा. अंडी काचेला चिकटून राहतात.

काकूंनी हट्टाने काठी लावली. परवा ओरडतच वर आल्या, "फाटलं गं, पान फाटलं!" खाली जाऊन पाहिलं. पान खरंच फाटलं होतं, आणि कुंडीत कबुतराचं पीस पडलं होतं.